मोटारीचा बोल्ट घट्ट बसला, हे कसे ओळखावे?

बैलगाडीच्या आसाच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी खीळ असते. गाडीच्या वजनाच्या मानाने तिचे वजन अगदीच नगण्य. परंतु ती गळून पडली की चाक आसावरून निसटते आणि गाडी जागच्या जागी बसते. म्हणून जुना गाडीवान गाडी जुंपण्यापूर्वी खिळीवर एकदा हात फिरवून घेत असे. मोटारगाडीत त्या दोन खिळींच्या जागी शेकडो नट-बोल्ट आले. त्यांतील प्रत्येकावर रोज हात फिरवणे चालकाला शक्य नाही. पुष्कळसे बोल्ट तर त्याच्या दृष्टीलाही पडत नाहीत. ते योग्य रीतीने बसले आहेत असा भरवसा गाडी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच मिळाला पाहिजे. हा भरवसा मिळवण्यासाठी यंत्रशास्त्रज्ञांनी कोणते उपाय योजिले आहेत आणि त्या उपायांची मर्यादा कोठे येते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

जबलपूर शहराचे या विषयाशी जवळचे नाते आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, १९०४ साली स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकाच्या अखेरीस एम.ए.एन. या जर्मन कंपनीच्या परवान्याखाली तेथे ‘शक्तिमान’ ही लष्करी मालमोटार तयार होऊ लागली. पुढे १९६९ साली मोटारींसाठी स्वतंत्र कारखाना, व्हेइकल फॅक्टरी, उभारण्यात आला. जपानच्या निसान कंपनीच्या गाडीवरून बनवलेल्या ‘जोंगा’ गाडीच्या नावात तर जबलपूरचेच आद्याक्षर आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो शब्द बनला. १ ऑक्टोबर २०२१ पासून व्हेइकल फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग झाली आहे. नेपियर टाउनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला लष्कराची हिरवी मालमोटार काही नवलाची नाही. त्याने पुढच्या वेळी तिच्या चाकाकडे नीट पाहावे. मध्यभागी वर्तुळाकार मांडलेले नट दिसतील. हिमालयातील घाटाच्या वळणावर ती सगळी गाडी, तिच्यातील माल आणि माणसे यांचा भार रस्त्यापर्यंत पोहोचतो तो या नटांनी धरून ठेवलेल्या चाकांमधून.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

बोल्ट म्हणजे दोन भाग एकत्र ठेवणारा खुंटा, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. नट फिरवला की आट्यांमुळे तो बोल्टाला ओढू लागतो, आणि त्या ओढीने बोल्ट किंचित लांबतो. लांबलेली स्प्रिंग जशी पूर्ववत होऊ पाहते, तसाच बोल्टही आखडू पाहतो, आणि त्या प्रयत्नात दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पदार्थाचे लांबणे त्यावरील ओढीच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. बोल्टाची सारी उपयुक्तता या नियमावर उभी आहे.

उदाहरणासाठी १० मिलिमीटर व्यासाचा पोलादी बोल्ट घेऊ. त्याच्या डोक्यावर ‘८.८’ असा अंक कोरलेला असतो. या अंकाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या ८ ला १०० ने गुणले की ८०० मिळतात. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन इतकी ओढ सहन करण्याची या पोलादाची अंतिम क्षमता आहे. दुसरा ८ हा दशांश आहे. अंतिम क्षमतेच्या आठ-दशांश, म्हणजे ६४० न्यूटन, इतक्या ओढीपलीकडे पोलाद कायमचे लांबते व पुन्हा पूर्ववत होत नाही. आट्यांच्या ठिकाणी या बोल्टाचे कार्यकारी क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर असते. सुरक्षित मर्यादेत राहून त्यात सुमारे २५,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच टन वजनाइतका ताण भरता येतो. अंगठ्याएवढ्या जाडीचाही नसलेला हा बोल्ट एखादा लहान हत्ती टांगून ठेवील. एवढ्या ताणाखाली ५० मिलिमीटर लांबीचा बोल्ट लांबतो मात्र मिलिमीटरच्या सुमारे एक-दशांशाने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतका.

हा ताण कमी पडला तर काय होते? मालमोटारीचे चाक तुंब्याला चिकटून राहते ते नटांनी निर्माण केलेल्या दाबामुळे व त्या दाबातून उत्पन्न होणाऱ्या घर्षणामुळे. दाब उणा पडला की चाक व तुंबा यांमध्ये सूक्ष्म घसरण सुरू होते. ही आडवी घसरणच नट सैल करण्यास सर्वांत अधिक कारणीभूत होते, असे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिले. प्रत्येक हेलकाव्याबरोबर नट केसभर मागे फिरतो, ताण आणखी उतरतो, घसरण आणखी वाढते. शिवाय अपुऱ्या ताणाच्या बोल्टावर रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट येतो आणि लाखो धक्क्यांनंतर पोलाद थकून तुटते. उलटपक्षी ताण मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि पुढे कधीतरी दगा देतो. याचा अर्थ असा की, ‘जितका घट्ट तितका चांगला’ हा समज सैल बोल्टाइतकाच धोक्याचा आहे.

पीळ आणि ताण

आपल्याला हवा असतो तो ताण. परंतु कामगाराच्या हातात असतो पाना, आणि पान्याने देता येतो तो पीळ. फिरवण्याच्या या जोराला कारखान्यात ‘टॉर्क’ म्हणतात. येथे ‘पीळ’ हा शब्द योजिला आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला की ५० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. वर वर्णिलेल्या बोल्टात २५,००० न्यूटन ताण भरण्यास साधारणपणे एवढाच पीळ लागतो.

‘साधारणपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दिलेल्या पिळापैकी सुमारे अर्धा भाग नटाचा तळ व त्याखालचा पृष्ठभाग यांच्यातील घर्षणात खर्च होतो. आणखी चार-दशांश आट्यांमधील घर्षण गिळून टाकते. बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो केवळ एक-दशांशाच्या आसपास. ज्या व्यापारात नव्वद टक्के रक्कम वाटेतच खर्च होते, तेथे वाटखर्च थोडा कमी-जास्त झाला तरी हाती उरणाऱ्या शिलकेत मोठा फरक पडतो. येथेही तसेच घडते. तोच बोल्ट, तोच ५० न्यूटन-मीटरचा पीळ. परंतु आटे गंजलेले असतील तर ताण १७,००० न्यूटनांच्या आसपासच राहील, आणि आट्यांना चांगले वंगण लागलेले असेल तर तो ४०,००० न्यूटनांपलीकडे जाईल. पहिला बोल्ट सैल आहे, दुसरा आपल्या मर्यादेपलीकडे ताणला गेला आहे. आणि पीळ दर्शवणारा काटा दोन्ही वेळी एकच आकडा दाखवीत आहे.

सारी अडचण या एका गोष्टीत आहे. जी राशी मोजणे सोपे, ती आपल्याला हवी असलेली राशी नव्हे. आणि जी हवी आहे, ती बोल्टाच्या पोटात दडलेली आहे.

पीळ मोजणारा संवेदक

एखाद्या भौतिक राशीतील बदलाचे विद्युत् संदेशात रूपांतर करणाऱ्या साधनाला ‘संवेदक’ म्हणतात. पीळ मोजणाऱ्या संवेदकाचे मूळ एका जुन्या निरीक्षणात आहे. धातूची तार ताणली असता तिचा विद्युत् रोध बदलतो, असे लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेल्या विल्यम टॉमसन यांनी १८५६ साली दाखवून दिले. तार लांबते, बारीक होते, आणि प्रवाहाला तीतून जाणे किंचित अवघड होते. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी, एकमेकांना माहीत नसताना, या तत्त्वावर एक लहानसे साधन तयार केले. नागमोडी मांडलेली बारीक तार पातळ पट्टीवर बसवावयाची व ती पट्टी यंत्राच्या भागाला चिकटवावयाची. भाग ताणला गेला की तार ताणली जाते. या साधनाला विकृतिमापक पट्टी म्हणता येईल.

बोल्ट कसणाऱ्या विद्युत् यंत्राच्या दांड्यावर अशा चार पट्ट्या तिरप्या चिकटवतात. दांड्याला पीळ बसला की दोन पट्ट्या ताणल्या जातात व दोन दबतात. बदल फार सूक्ष्म असतो. दांडा हजारात एक भाग विकृत झाला तर १२० ओहम रोधाच्या पट्टीत जेमतेम पाव ओहमचा फरक पडतो. हा फरक टिपण्यासाठी चारही पट्ट्या ‘व्हीट्स्टन सेतू’ या मंडलात जोडतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मीटर-सेतू वापरलेल्या विद्यार्थ्याला हे मंडल परिचयाचे आहे. चारही भुजा समतोल असतात तोवर मधल्या तारेत प्रवाह नसतो. किंचित असमतोल होताच प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहावरून यंत्राला क्षणोक्षणीचा पीळ कळतो व ठरलेला पीळ गाठताच ते थांबते.

पीळ आणि कोन यांची जोडी

केवळ पिळावरून ताण कळत नाही, हे आपण पाहिले. म्हणून यंत्रात दुसराही एक संवेदक बसवतात. बोल्ट किती अंश फिरला, हे तो मोजतो. आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात नट दीड मिलिमीटर पुढे सरकतो. भाग एकमेकांना टेकल्यानंतर नट जो काही फिरेल, तो बोल्ट लांबवण्यात व भाग दाबण्यात खर्च होईल. फिरण्याच्या या कोनावर घर्षणाचा परिणाम होत नाही. म्हणून पीळ व कोन या दोन साक्षीदारांच्या जबान्या एकत्र वाचल्या म्हणजे सत्य पुष्कळसे उमगते.

आडव्या अक्षावर कोन व उभ्या अक्षावर पीळ घेऊन आलेख काढला, तर निर्दोष बोल्टाचा आलेख तीन भागांचा दिसतो. प्रथम नट मोकळा फिरतो. पीळ जवळजवळ शून्य असतो. मग भाग टेकतात व रेषा वळण घेते. त्यानंतर ती सरळ चढत जाते. येथे हूकच्या नियमाचे राज्य असते. आता सदोष बोल्टांचे आलेख पाहू.

बोल्ट तिरपा शिरून आटे एकमेकांवर चढले, तर पीळ वेळेआधीच वाढू लागतो. ठरलेले फेरे पुरे होण्यापूर्वीच यंत्र थांबते. आटे झिजून गेले असतील, तर उलट घडते; कोन वाढतच जातो आणि पीळ काही गाठला जात नाही. बंद छिद्रात प्रमाणापेक्षा लांब बोल्ट घातला, तर त्याचे टोक तळाला टेकते. पीळ एकदम चढतो, काटा समाधान दाखवतो, परंतु दोन्ही भाग मोकळेच राहतात. कोन कमी भरल्याने ही लबाडी उघड होते. बोल्टाचे पोलाद मऊ असेल, तर सरळ रेषा लवकर वाकते, कारण त्याची मर्यादा लवकर येते. आट्यांना नको असलेले तेल लागले असेल, तर पीळ योग्य पण कोन जास्त भरतो. आणि आधीच कसलेला बोल्ट कामगाराने अनवधानाने पुन्हा कसला, तर पीळ तत्काळ मिळतो व कोन जवळजवळ शून्य येतो. यांत धोका असा की, ठराविक संख्या मोजून पुढे जाणाऱ्या यंत्राला एकच बोल्ट दोनदा मोजला गेल्याचे कळत नाही आणि शेजारचा बोल्ट तसाच सैल राहतो.

म्हणून यंत्राला एक चौकट आखून देतात. आपल्या उदाहरणातील बोल्टासाठी पीळ ४५ ते ५५ न्यूटन-मीटर आणि टेकल्यानंतरचा कोन, समजा, २५ ते ४० अंश. आलेखाचे शेवटचे टोक या चौकटीत आले तर हिरवा दिवा लागतो. बाहेर गेले तर तांबडा.

बोल्ट जुळणीस येण्यापूर्वी

काही दोष कसण्यापूर्वीच शोधावे लागतात. बोल्टाला योग्य उष्णतेची प्रक्रिया मिळाली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. पाणी दिलेला कठीण बोल्ट व न दिलेला मऊ बोल्ट एकसारखेच चकाकतात. त्यासाठी बोल्ट एकेक करून तारेच्या वेटोळ्यातून सोडतात. वेटोळ्यात प्रत्यावर्ती प्रवाह खेळत असतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे बोल्टाच्या पृष्ठभागात पाण्यातील भोवऱ्यांसारखे लहान विद्युत् प्रवाह निर्माण होतात. हे भोवरा-प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करून वेटोळ्यावर उलट परिणाम करतात. पोलादाचा कठीणपणा बदलला की त्याचे चुंबकीय व विद्युत् गुणधर्म बदलतात, आणि वेटोळ्यातील संदेशही बदलतो. पृष्ठभागावर चीर असेल तर भोवऱ्याचा मार्ग अडतो व तीही उघडकीस येते. एकही बोल्ट न मोडता सगळ्यांची परीक्षा होते. निवडक बोल्ट ओढून तोडण्याची जुनी परीक्षा आजही घेतात, परंतु तोडलेला बोल्ट गाडीत जात नाही आणि गाडीत जाणारा बोल्ट तोडलेला नसतो, ही तिची अंगभूत उणीव आहे.

नसलेला बोल्ट

सर्वांत मोठा दोष कोणता, असे विचारले तर उत्तर सोपे आहे: बोल्टच नसणे. गंमत अशी की, वर वर्णिलेला कोणताही संवेदक हा दोष ओळखू शकत नाही. जो बोल्ट कसलाच गेला नाही, त्याचा आलेख कोठून येणार? न झालेल्या कामाची नोंद आपोआप होत नाही.

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलँड येथून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ विमानाच्या बाजूचा, दाराच्या जागी बसवलेला, एक तुकडा हवेतच उडून गेला. विमानात १७७ माणसे होती. सुदैवाने कोणाचाही प्राण गेला नाही. तो तुकडा जागेवर ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. कारखान्यात दुरुस्तीसाठी तो तुकडा काढला गेला होता आणि काढल्याची नोंद सापडली नाही. मोटारींच्या जगातही इशारे मिळाले आहेत. जून २०२२ मध्ये टोयोटा कंपनीने आपल्या ‘बीझेड४एक्स’ या नव्या विजेच्या गाड्यांपैकी सुमारे २,७०० गाड्या परत बोलावल्या, कारण चाकाचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा संभव दिसून आला होता. नामांकित कारखानेही या लहान वस्तूपुढे किती सावध असावे लागतात, याची ही उदाहरणे आहेत.

नसलेला बोल्ट शोधण्यासाठी निराळे संवेदक लागतात. धातू जवळ आला की ज्याच्या वेटोळ्यातील संदेश बदलतो असा सान्निध्य-संवेदक प्रत्येक छिद्रासमोर ठेवता येतो. कॅमेऱ्याने जोडाचे छायाचित्र घेऊन संगणकाकडून बोल्टांची डोकी मोजून घेता येतात. बोल्टांच्या पेटीतून किती उचलले गेले, हे मोजणारी साधनेही असतात. आणि सर्वांत परिणामकारक योजना म्हणजे अडसर: ठरलेल्या संख्येइतके निर्दोष आलेख मिळाल्याखेरीज गाडी पुढच्या टप्प्याकडे सरकतच नाही. प्रत्येक गाडीच्या क्रमांकापुढे प्रत्येक बोल्टाचा पीळ व कोन नोंदला जातो. पाच वर्षांनी एखादे चाक निखळले, तरी त्या दिवशी त्या नटाचे काय झाले होते हे वाचता येते. अशी नोंद निष्काळजीपणा जितका उघड करते, तितकीच ती निष्काळजीपणाचा खोटा आळ आलेल्या कामगाराची निर्दोषताही सिद्ध करते.

ध्वनीने लांबी मोजणे

बोल्टाचा ताण थेट मोजण्याची काही सोय आहे काय? आहे, परंतु ती खर्चिक आहे. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, असा शोध प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. उलट, अशा स्फटिकाला विजेचा धक्का दिला की तो थरथरतो व ध्वनी उत्पन्न करतो. असा दाबविद्युत् स्फटिक बोल्टाच्या डोक्यावर ठेवून श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणारा, ठोका दिला, तर तो बोल्टाच्या दुसऱ्या टोकावरून प्रतिध्वनीच्या रूपाने परततो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. ५० मिलिमीटरच्या बोल्टात जाऊन-येऊन १०० मिलिमीटरचा प्रवास होतो व त्याला सेकंदाच्या दशलक्षांशाचे सुमारे १७ भाग लागतात. बोल्ट एक-दशांश मिलिमीटर लांबला, तर हा वेळ आणखी सुमारे ३४ अब्जांश सेकंदांनी वाढतो. शिवाय ताणलेल्या पोलादात ध्वनी किंचित मंद चालतो, त्यामुळे वाढ याहूनही अधिक दिसते. आजची उपकरणे एवढा फरक सहज मोजतात. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली अजमावणारा मुलगा तत्त्वतः हेच करीत असतो. मात्र प्रत्येक बोल्टाची टोके सपाट हवीत, तपमानाचा हिशेब ठेवावयास हवा आणि कसण्यापूर्वीचे मोजमापही हवे. म्हणून ही रीत विशेष जोखमीच्या जोडांसाठीच राखून ठेवतात.

संवेदकाला न दिसणारे दोष

काही दोष कसण्याच्या क्षणी अस्तित्वातच नसतात. अतिशय कठीण बोल्टावर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. भट्टीत पुरेसा वेळ तापवून तो बाहेर काढला नाही, तर बोल्ट ठिसूळ बनतो. असा बोल्ट कसताना निर्दोष आलेख देतो, हिरवा दिवा मिळवतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी स्थिर उभ्या गाडीतही आपोआप तुटतो. त्याचा बंदोबस्त मुलामा देणाऱ्या कारखान्यातच व्हावयास हवा.

दुसरी गोष्ट अशी की, कसलेला जोड नंतर थोडा ‘बसतो’. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे दाबाखाली चपटे होतात. मध्ये रंगाचा थर असेल तर तोही दबतो. बोल्ट लांबला होता तो मुळात कागदाच्या जाडीइतका. त्यातील थोडा भागही असा गेला तर ताण मोठ्या प्रमाणात उतरतो. म्हणूनच चाक बदलल्यानंतर थोडे अंतर चालून नट पुन्हा कसून पाहावेत, असे मालमोटारीच्या चालकाला शिकवतात. कारखान्यातील संवेदक त्याला या कामातून मुक्त करीत नाही.

किती चुका चालतील?

येथे थोडे अंकगणित करू. समजा, एका मालमोटारीत महत्त्वाचे असे १,००० बोल्ट आहेत आणि हजारात केवळ एकच बोल्ट सदोष बसतो. शाळेच्या परीक्षेत हजारात ९९९ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण कौतुकच करू. परंतु संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केल्यास, अशा शंभर गाड्यांपैकी सुमारे ३७ गाड्याच पूर्णपणे निर्दोष निघतील. उरलेल्या ६३ गाड्यांत कोठेतरी एखादा तरी वाईट बोल्ट असेल. शंभरपैकी ९९ गाड्या निर्दोष हव्या असतील, तर एक लाख बोल्टांत एकाहून अधिक चूक होता कामा नये. डोळ्यांची जागरूकता किंवा हाताची सवय यांच्या बळावर हे प्रमाण गाठणे कठीण आहे. संवेदकांची गरज आहे ती या कारणाने.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चौकट फार अरुंद आखली आणि शंभर चांगल्या बोल्टांपैकी एकावर उगीच तांबडा दिवा लागू लागला, तर एका गाडीमागे सुमारे दहा खोटे इशारे येतील व एखादा खरा. दिवसभर खोटे इशारे पाहिलेला कामगार काय करील? लांडगा आल्याची खोटी हाक वारंवार ऐकलेल्या गावकऱ्यांनी जे केले तेच. तो दिवा बंद करून पुढे जाईल, आणि अकरावा, खरा इशाराही त्याच हाताने पुसला जाईल. म्हणून चौकट किती रुंद ठेवावी, हा प्रश्न यंत्राने सोडवावयाचा नसून माणसाने सोडवावयाचा आहे. त्यासाठी चांगल्या व जाणूनबुजून बिघडवलेल्या बोल्टांचे पुष्कळ आलेख काढून त्यांचा धीराने अभ्यास करावा लागतो, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या कामगाराचे म्हणणेही ऐकावे लागते. कारण बोल्ट नेहमीपेक्षा निराळा फिरला, हे पुष्कळदा त्याच्या मनगटाला आधी कळते.

करून पाहण्याजोगा प्रयोग

पीळ तोच असूनही ताण निराळा असू शकतो, हे शाळेतही पडताळून पाहता येईल. १० मिलिमीटर व्यासाचा एक लांब बोल्ट, नट, दोन रुंद वॉशर, लाकडाच्या दोन फळ्या, पाना व ताणकाटा एवढे साहित्य घ्यावे. दोन्ही फळ्यांना छिद्र पाडून त्यांतून बोल्ट ओवावा; बोल्टाचे डोके शेगड्यात पक्के धरावे. नटाखाली वॉशर ठेवून फळ्या टेकेपर्यंत नट हाताने फिरवावा व त्याच्या एका कोपऱ्याची जागा खडूने फळीवर खुणावी. मग पान्याला, नटापासून २० सेंटिमीटर अंतरावर, ताणकाटा अडकवून काटकोनात ओढावे. काटा ५ किलोग्रॅम दाखवील तेव्हा सुमारे १० न्यूटन-मीटर पीळ बसलेला असेल. नट किती अंश फिरला, ते कोनमापकाने मोजावे. आता नट सोडवून आट्यांना व वॉशरला तेलाचा थेंब लावावा आणि त्याच जोराने पुन्हा कसावे. लाकूड पहिल्या वेळी दबलेले असते, म्हणून दर वेळी फळीवरील नवे छिद्र वापरावे आणि प्रत्येक प्रकार तीन-चार वेळा करून सरासरी काढावी. तेल लावलेला नट त्याच पिळाला अधिक फिरतो, असे आढळून येईल. जास्तीचा प्रत्येक अंश म्हणजे घर्षणाच्या तावडीतून सुटून बोल्टात गेलेला ताण होय.

वहीत दोन स्तंभ आखून एकात पीळ व दुसऱ्यात कोन लिहावा. मोठ्या कारखान्यातील संगणक प्रत्येक बोल्टापुढे हेच दोन आकडे लिहीत असतो. ते वाचून त्यांचा अर्थ लावणारा मनुष्य मात्र पिळाला ताण समजण्याची चूक न करणारा असावा लागतो; घाटात गाडी हाकणाऱ्या चालकाचा जीव त्याच्या या समजुतीवर अवलंबून असतो.